जात्यावरची ओवी : अर्थ लावण्याची एक जुनी रीत

स्त्रियांनी कष्टाचे काम करताना ओवी गाण्याची महाराष्ट्रातील चाल किमान नऊशे वर्षे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या आणि ११२९च्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी स्पष्ट नोंद आहे. या गाण्याकडे श्रमगीताचा एक प्रकार म्हणून पाहण्याची अभ्यासकांची सवय असली, आणि लयीमुळे श्रम हलके होतात हे त्यामागचे निरीक्षण खरे असले, तरी तेवढ्याने ही चाल इतकी शतके का टिकली याचा उलगडा होत नाही. कारण ओवीत कामाचे वर्णन थोडे आणि आयुष्याचे निरूपण फार, असेच प्रमाण बहुधा आढळते. परिस्थिती बदलण्याचे साधन ज्यांच्या हाती फारसे नव्हते अशा स्त्रियांना आपल्या वाट्याला आलेल्या दिवसांचा अर्थ लावण्याची आणि त्या अर्थाच्या आधाराने मनाने तग धरण्याची सोय या चालीने करून दिली होती, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

ओवीचे दोन प्रकार मानले जातात. पहिला ग्रंथओवीचा असून, त्यात तीन सयमक चरणांनंतर चौथा आखूड चरण येतो. १२९०मधील ‘ज्ञानेश्वरी’ याच छंदात आहे. दुसरा प्रकार कंठस्थ, गेय ओवीचा असून तो बहुधा दोन ओळींचा, लवचिक आणि कोणाच्याही नाममुद्रेशिवाय चालणारा असतो, आणि जात्यावर गायली जाते ती हीच ओवी. पहाट फुटण्यापूर्वी घरातील दोघीजणी समोरासमोर बसत, खुंटा धरून जाते फिरवत, मुठीमुठीने वैरण, म्हणजे दळायचे धान्य, जात्याच्या तोंडात घालत, आणि एकीने ओवी उचलली की दुसरी तिला साथ देई किंवा पुढची ओवी जोडी. पहिली ओवी एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, मग आईबापांना, भावाला आणि लेकरांना असा क्रम लावण्याचा रिवाज सर्वत्र दिसतो. या क्रमातून रोजच्या दळणाच्या वेळी गाणारीच्या आयुष्यातील सर्व नात्यांची एकदा उजळणी होत असे, आणि त्या नात्यांत आपण कोठे उभ्या आहोत हेही तिला पुन्हा पुन्हा जाणवत असे.

संतपरंपरेने जात्याच्या या जागेला आणखी एक परिमाण दिले. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली, आणि तिच्याबरोबर विठ्ठल स्वतः दळू लागला ही कथा तिच्या नावावरील अभंगांतून व कीर्तनांतून गावोगाव पोचली; पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे जाते म्हणून एक जाते आजही दाखवले जाते. या कथेत जनाबाईचे काम कमी होत नाही आणि तिचे दासीपणही सुटत नाही. बदलते ते एवढेच, की ज्या कामाची घरात कोणी दखल घेत नव्हते त्या कामाला देवाचा हात लागतो आणि ते काम करणारी त्याची सोबतीण ठरते.

सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत हीच प्रक्रिया दुसऱ्या दिशेने घडते. या ओव्यांचा भर रामाच्या पराक्रमापेक्षा गर्भार सीतेला रानात सोडण्यावर आणि तिच्या एकटेपणावर असतो. सासुरवास सोसणारी स्त्री आपल्या सासूचे नाव घेऊन बोलू शकत नव्हती, कारण अनेकदा तीच सासू जात्याच्या पलीकडे बसलेली असे. मात्र सीतेचे गाऱ्हाणे तिला मोकळ्या गळ्याने गाता येत होते. अशा रीतीने खासगी दुःखाला सर्वांनी मान्य केलेला आकार मिळे, आणि तोच आकार दुसरीच्याही उपयोगी पडे.

अर्थाच्या आधाराने माणूस तग धरतो, हा विचार मानसिक आरोग्याच्या अभ्यासात बराच उशिरा आला. इस्रायलमधील समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्हस्की यांना मध्यमवयीन स्त्रियांच्या एका पाहणीत असे आढळले, की नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांपैकी २९ टक्के स्त्रियांचे भावनिक आरोग्य चांगले होते. इतरांच्या तुलनेत हे प्रमाण कमी होते, तरी इतके सोसूनही या स्त्रिया सावरल्या कशा, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला. त्यातून १९७९मध्ये त्यांनी ‘सुसंगतीची जाणीव’ ही संकल्पना पुढे मांडली. आपल्यावर जे ओढवते ते समजण्याजोगे आहे, त्याला तोंड देण्यास काही आधार हाताशी आहे, आणि ते तोंड देणे मोलाचे आहे, या तीन धारणा त्या जाणिवेत येतात, आणि तिन्हींत मोलाची, म्हणजे अर्थाची, धारणा अँटोनोव्हस्की यांनी प्रमुख मानली. छळछावणी आणि सासुरवास यांची बरोबरी करण्याचे कारण नाही; परंतु या तीन धारणांच्या प्रकाशात ओवीकडे पाहिले तर सीतेच्या कथेमुळे दुःख समजण्याजोगे होई, जोडीदारीण, भाऊ आणि विठ्ठल यांच्यामुळे आधार हाताशी राही, आणि ज्यांच्यासाठी दळण चाले त्यांची नावे ओवीत गुंफल्यामुळे कष्टाला मोल येई, असे म्हणता येते.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येतो. सोसण्याला अर्थ दिला की सोसणे चालू ठेवण्यास मदत होते, आणि घरातील अन्याय देवादिकांच्या कथेत विरून जातो, असा तो आक्षेप होय. संग्रहित ओव्यांचा पुरावा मात्र संमिश्र आहे. मुलीच्या जन्माची हेटाळणी, परघरी धाडल्या गेल्याचे दुःख आणि स्त्रीजन्माबद्दलची उघड तक्रार या ओव्यांत जागोजागी सापडते, म्हणजे अर्थ लावणे आणि मुकाट्याने मान्य करणे या दोन गोष्टी गाणाऱ्या स्त्रियांनी एक मानलेल्या नव्हत्या. शिवाय हा अर्थ बदलूही शकत होता. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे दलित स्त्रियांकडून १९९६मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत जुन्या देवांच्या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध आलेले दिसतात, आणि जात्यावरचा तोच गळा, म्हणजे तीच चाल, स्वाभिमानाची भाषा बोलू लागते. धीर देणारी शक्ती एखाद्या ठराविक श्रद्धेत असती, तर श्रद्धा बदलल्यावर ओवी संपली असती; ती संपली नाही.

विसाव्या शतकात पिठाची गिरणी गावोगाव पोचली तशी जाती कोपऱ्यात गेली. या बदलाने स्त्रियांच्या पाठीवरचे आणि खांद्यांवरचे मोठे ओझे उतरवले, तेव्हा त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण ओवीची वेळ आणि जागा त्याबरोबर गेली, हेही खरे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या संग्रहित केल्या, सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली लोकसाहित्य समितीने हे काम पुढे नेले, आणि जळगावजवळच्या आसोदा गावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची घरकामात आणि शेतात रचलेली गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२मध्ये ग्रंथरूप झाली. अक्षरओळख नसलेल्या आणि तरुणपणी वैधव्य आलेल्या बहिणाबाईंच्या रचनेत दुःखाला सामोरे जाणारी जी स्थिर बुद्धी दिसते, तिची मुळे या मौखिक परंपरेत आहेत. पुढे पुण्यातील गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण स्त्रियांच्या मदतीने हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि हा संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

या इतिहासावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण ठाम आहे. ओवी गाणाऱ्या स्त्रियांना जगण्याचा अर्थ कोणी सांगितलेला नव्हता. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ऐकणारी सोबतीण आणि परंपरेने दिलेले शब्द यांच्या साहाय्याने तो त्या रोज नव्याने लावत होत्या, आणि मनाचा टणकपणा त्या रोजच्या सरावातून येत होता. म्हणून ग्रामीण स्त्रियांच्या मानसिक आरोग्यासाठी आज योजना आखणाऱ्यांनी समुपदेशकांची संख्या मोजण्याआधी, या स्त्रिया आपले सुखदुःख कोणत्या वेळी, कोठे आणि कोणाशी बोलतात, आणि तशी जागा त्यांना उरली आहे काय, याची चौकशी करावी.