विडी-सिगारेट सोडायची आहे? मोबाइलवरच्या संदेशांची मदत अशी घ्या

विडी-सिगारेट सोडण्याचा सल्ला दवाखान्यात मिळतो, पण तलफ येते ती चहाच्या टपरीवर, शेताच्या बांधावर किंवा सकाळी शौचाच्या वेळी. त्या वेळी डॉक्टर जवळ नसले, तरी खिशात मोबाइल असतो. त्यावर आलेला छोटा संदेश आपला निर्णय टिकवायला मदत करू शकतो. यासाठी इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोनही चालतो.

याचा खरंच उपयोग होतो का?

ब्रिटनमध्ये ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सुरुवातीचे पाच आठवडे रोज पाच संदेश आणि नंतर सहा महिने आठवड्याला तीन संदेश पाठवले. सहा महिन्यांनी तपासणी केली, तेव्हा या गटात १०० पैकी सुमारे ११ जणांनी धूम्रपान सोडलेले होते. दुसऱ्या गटात सुमारे ५ जणांनी. म्हणजे संदेशांमुळे यशाची शक्यता दुपटीने वाढली, पण बहुतेकांना तेवढी मदत पुरली नाही. म्हणून संदेशांसोबत समुपदेशन आणि गरज असल्यास औषधही घ्यावे.

नोंदणी कशी करायची?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ही मोफत सेवा सुरू केली. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या. कोणाशी बोलायचे असेल तर १८००-११-२३५६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. हाच क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. ओटीपी, बँक खाते किंवा पैसे मागणारा संदेश या सेवेचा नाही, हे लक्षात ठेवा. वाचायला अडचण असेल, तर घरातल्या मुलाला किंवा नातवाला संदेश मोठ्याने वाचायला सांगा.

संदेशांचा पुरेपूर उपयोग करण्यासाठी

- येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा आणि ती घरी सांगा. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या धावपळीचा दिवस शक्यतो टाळा.
- तुमच्या तलफेच्या वेळा लिहून काढा: सकाळी, चहानंतर, जेवणानंतर. त्या वेळांना मोबाइलवर गजर लावा किंवा मित्राला संदेश पाठवायला सांगा.
- तलफ साधारणतः काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, थोडे चालून या.
- पहिला आठवडा सर्वांत कठीण. चिडचिड, झोप न लागणे, बद्धकोष्ठता हे त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत कमी होतात. "विडीशिवाय पोट साफ होत नाही" असे वाटत असेल, तर कोमट पाणी आणि पालेभाज्या वाढवा.
- एखादी विडी ओढली गेली, तरी संदेश बंद करू नका. त्याच दिवशी पुन्हा सुरुवात करा.

विडी सुटली, पण खर्रा सुरू झाला?

आपल्या वऱ्हाडात हा धोका मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के तंबाखू खातात किंवा दातांना लावतात. विडीऐवजी खर्रा घेतला तर निकोटीनचे व्यसन तसेच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ठरवलेल्या तारखेला दोन्ही सोडा. फोनवरील समुपदेशकालाही दोन्ही सवयी सांगा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

उठल्यापासून अर्ध्या तासात विडी लागत असेल, तर निकोटीन गम किंवा अन्य औषधाबद्दल विचारा. हृदयविकार असेल किंवा गर्भवती असाल, तर आधी सल्ला घ्या. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंड कमी उघडू लागले, थुंकीतून रक्त आले किंवा छातीत दुखले, तर संदेशांची वाट पाहू नका. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन), अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा जवळच्या डॉक्टरांकडे लगेच जा.

धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. वय कितीही असो, सोडण्याचा फायदा होतोच.