किल्लारी 1993: मोबाईल नव्हता तेव्हा हाक कुणी ऐकली?

आजची गोष्ट आपल्याच औसा तालुक्यातली.

29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. बाप्पाला निरोप देऊन किल्लारी झोपलं होतं. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता 6.2. दगडमातीच्या जाड भिंती अन् वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूर-उस्मानाबादची 52 गावं उद्ध्वस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली.

आता सांगा, ही बातमी बाहेर पोचली कशी? देशातला पहिला मोबाईल कॉल व्हायचा होता जुलै 1995 मध्ये! तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढं सांगितलंय, की विसर्जनामुळं ते मुंबईत जागेच होते. खिडक्या थरथरल्या. कोयनेला भूकंप झाला असेल म्हणून त्यांनी तिथं फोन लावला. तिथली यंत्रं बघून उत्तर आलं, केंद्र किल्लारीकडं आहे. म्हणजे मुंबईला किल्लारीचं नाव कळलं ते कोयनेच्या यंत्रामुळं.

मग रेडिओ, दूरदर्शन, पेपर. मदत आली, तशी बघ्यांची गर्दीही आली. रस्ते तुंबले, बचावाची वाहनं अडकली. बातमी पोचली म्हणजे मदत पोचली, असं नसतं राव.

आज काय होतं? 21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोलीत 4.5 चा धक्का बसला, नांदेडपर्यंत जाणवला. अशा वेळी 'तुमच्याकडं जाणवलं का?' हा मेसेज लगेच फिरतो. तो चांगलाच, आपलं माणूस सुखरूप आहे हे कळतं. पण त्याच्या मागोमाग 'आज रात्री मोठा भूकंप येणार' असाही मेसेज आला, तर तिथंच थांबवा. भूकंपाची वेळ आधी सांगणं जगात कुणालाच जमत नाही. ज्या घरानं 1993 बघितलंय, तिथं अशा एका फॉरवर्डनं म्हातारी माणसं रात्रभर अंगणात बसतील.

अन् मदत मागायची झाली तर आधी 112 लावा. मेसेज टाकलाच, तर गाव, खूण, किती माणसं, तारीख, वेळ एवढं लिहा. माणसं सुटली की 'सुटका झाली' हेही टाका. नाहीतर जुनाच मेसेज फिरत राहतो, अन् गाडी रिकाम्या घराकडं जाते.

आज घरी आजी-आजोबांना एक विचारा: त्या पहाटे तुमच्यापर्यंत बातमी कुणी आणली? ऐका निवांत. भेटू पुढच्या भागात.