स्मृती, मर्यादा आणि इंटरफेस : कर्नलमधील बफर हाताळणीच्या सुरक्षिततेचा इतिहास

प्रस्तावना :

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल होय. संगणकाची स्मृती, फायली, नेटवर्क आणि सर्व वापरकर्त्यांचे अधिकार यांवर कर्नलचेच नियंत्रण असते. सामान्य प्रोग्रामने आपल्या वाट्याच्या स्मृतीबाहेर लिहिण्याचा प्रयत्न केला तर कर्नल त्याला थांबवू शकतो. परंतु कर्नलनेच आपल्या बफरची सीमा ओलांडली तर त्याला थांबविणारे वर कोणी नसते. म्हणूनच बफरमध्ये माहिती भरण्यासाठी कर्नलच्या प्रोग्रामरच्या हाती कोणती साधने दिली गेली, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. चूक झाल्यास दोष प्रोग्रामरचा की त्याला दिलेल्या साधनाचा, असा वाद त्यात सुमारे अर्धशतक चालत आलेला आहे. प्रस्तुत लेखात या वादाचा, प्रामुख्याने लिनक्स कर्नलच्या संदर्भात, ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

सी भाषेचा वारसा :

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल त्या भाषेत नव्याने लिहिला गेला. तत्कालीन संगणकांची स्मृती अत्यंत तोकडी असल्याने भाषाही काटकसरी झाली. सी भाषेतील अक्षरमालेला स्वतःची लांबी ठाऊक नसते. शेवटी येणारा शून्य बाइट हीच तिच्या समाप्तीची एकमेव खूण. बफरचा पॉइंटर एखाद्या फंक्शनकडे सोपविला की बफर केवढा आहे ही माहिती मागेच राहते. 'स्ट्रकॉपी' हे फंक्शन शून्य बाइट सापडेपर्यंत नक्कल करीत जाते, गंतव्य बफर भरला की नाही हे ते पाहत नाही. कारण ते पाहण्याचे साधनच त्याच्याजवळ नाही.

या उणिवेवरचा उपाय म्हणून पुढे ज्याचा सर्रास वापर झाला ते 'स्ट्रएनकॉपी' मुळात त्यासाठी जन्मलेच नव्हते, ही या इतिहासातील सर्वांत उद्बोधक बाब म्हणावी लागेल. आरंभीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे. त्यांपैकी २ बाइट फाइलच्या क्रमांकासाठी आणि १४ बाइट नावासाठी राखलेले असत. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरावयाची आणि नाव बरोबर १४ अक्षरांचे असेल तर शेवटी शून्य बाइट ठेवावयाचाच नाही, असा संकेत होता. 'स्ट्रएनकॉपी' नेमके हेच करते. पुढील पिढ्यांनी मात्र त्यातील आकाराचा आकडा पाहून ते 'सुरक्षित स्ट्रकॉपी' आहे असा समज करून घेतला. परिणामी सीमा ओलांडली गेली नाही तरी समाप्तीची खूण नसलेली अक्षरमाला तयार होऊ लागली आणि ती वाचणारे पुढचे फंक्शन शेजारच्या स्मृतीत शिरू लागले. नाव सारखे असले की गुणही सारखेच असतील असे मानण्याची ही चूक होती.

१९८८ ची घटना आणि तिचे पडसाद :

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेल्या 'वर्म'ने या दुर्बलतेचे गांभीर्य जगापुढे आणले. त्याच्या अनेक मार्गांपैकी एक मार्ग 'फिंगर' सेवेतून जात होता. त्या सेवेत ५१२ बाइटांचा बफर होता आणि तो 'गेट्स' या फंक्शनने भरला जाई. या फंक्शनला बफरचा आकार सांगण्याची सोयच नव्हती. येथे प्रोग्रामरने कितीही दक्षता घेतली असती तरी ते फंक्शन सुरक्षितपणे वापरणे अशक्य होते. तरीही सी भाषेच्या मानकातून ते वगळले जाण्यास २०११ साल उजाडावे लागले.

ओपनबीएसडी या प्रणालीच्या विकासकांनी साधनच बदलण्याचा मार्ग स्वीकारला. टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी 'स्ट्रएलकॉपी' सादर केले. १९९८ मध्ये ते ओपनबीएसडीत आले आणि १९९९ च्या युजनिक्स परिषदेत त्यावर शोधनिबंध वाचला गेला. गंतव्य बफरचा पूर्ण आकार द्यावयाचा, अक्षरमाला नेहमी शून्याने संपेल याची हमी घ्यावयाची आणि नक्कल अपुरी राहिली का हे परत मिळणाऱ्या आकड्यावरून ताडावयाचे, अशी त्याची रचना होती. जीएनयूच्या सी लायब्ररीचे तत्कालीन प्रमुख उल्रिच ड्रेपर यांनी मात्र ते स्वीकारण्यास नकार दिला. ज्याला लांबी ठाऊक आहे त्याला अशा फंक्शनची गरज नाही आणि मजकूर निमूटपणे कापला जाण्याने चूक झाकली जाते, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. तथापि प्रत्येक प्रोग्रामर सदैव सावध असतो हे त्यामागील गृहीतक अनुभवाला धरून नव्हते. त्या लायब्ररीत 'स्ट्रएलकॉपी' अखेर २०२३ मध्ये दाखल झाले.

लिनक्स कर्नलमधील प्रयोग :

लिनक्स कर्नलने २००३ मध्येच 'स्ट्रएलकॉपी' स्वीकारले होते. मात्र कर्नलच्या वातावरणात त्याची वेगळीच मर्यादा उघड झाली. हे फंक्शन मूळ अक्षरमालेची संपूर्ण लांबी परत देते. त्यासाठी मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचावा लागतो. मूळ मजकुरालाच समाप्तीची खूण नसेल, तर गंतव्य बफर सुरक्षित राहूनही वाचन सीमेपलीकडे जाते. यावर ख्रिस मेटकाफ यांनी 'स्ट्रएसकॉपी' सुचविले आणि २०१५ मध्ये ते ४.३ या आवृत्तीत आले. ते दिलेल्या आकारापलीकडे वाचत नाही आणि मजकूर न मावल्यास ऋण त्रुटिसंकेत देते. लांबीची तुलना करण्याचे विसरणे सोपे असते, ऋण संख्या ओळखणे त्यामानाने सहज असते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते स्वीकारताना एक इशाराही दिला. नवे साधन आले की जुन्या कोडचे सरसकट रूपांतर करणाऱ्यांची रीघ लागते आणि त्या घाईत नव्या चुका शिरतात, असे त्यांचे म्हणणे होते. सुधारणेच्या उत्साहातही हे भान राखले गेले, याची नोंद घ्यावयास हवी.

बफरचा आकार हा प्रश्नाचा एक भाग झाला. पत्ता कोणाचा, वापरकर्त्याचा की कर्नलचा, हा दुसरा. वापरकर्त्याने दिलेला पत्ता तपासूनच कर्नल तेथील माहिती उचलतो. पण कर्नललाच तेच फंक्शन स्वतःच्या स्मृतीसाठी वापरावयाचे असेल तर 'सेट एफएस' द्वारे तपासणीची मर्यादा तात्पुरती शिथिल करण्याची प्रथा होती. नावातील 'एफएस' हे इंटेल प्रोसेसरच्या एका रजिस्टरचे. त्याचा मूळ उपयोग संपल्यावरही नाव टिकून राहिले. शिथिल केलेली मर्यादा पूर्ववत करण्यापूर्वीच काम कोलमडले तर काय होईल, याचे उत्तर २०१० मध्ये नेल्सन एल्हेज यांनी उघडकीस आणलेल्या दोषाने दिले. अशा अवस्थेत बंद पडणारी प्रक्रिया वापरकर्त्याने निवडलेल्या कर्नलच्या पत्त्यावर शून्य लिहू शकत होती. क्रिस्टोफ हेलविग यांच्या पुढाकाराने ही प्रथा २०२० मधील ५.१० आवृत्तीत इंटेल वर्गातील प्रोसेसरांपुरती संपुष्टात आली आणि २०२२ मध्ये कर्नलमधून पूर्णतः गेली. दरम्यान ॲल व्हिरो यांनी विकसित केलेल्या 'आयओव्ही इटर' या रचनेत पत्ता, उरलेली लांबी आणि स्मृतीचा प्रकार एकत्रच प्रवास करू लागले होते. लांबी मागे राहण्याची जुनी खोड येथे रचनेतच मोडली गेली.

याच काळात केस कुक यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये कर्नलच्या स्वसंरक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. वापरकर्ता व कर्नल यांच्यातील नकलेत वस्तूचा खरा आकार तपासणारी व्यवस्था २०१६ मध्ये, तर कंपायलरला ठाऊक असलेल्या आकाराशी पडताळणी करणारी व्यवस्था २०१७ मध्ये आली. 'स्ट्रएलकॉपी'चा वापर टप्प्याटप्प्याने संपवून जानेवारी २०२४ मध्ये ते लिनक्स कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

'स्ट्रएनकॉपी' हटविणे याहून कठीण ठरले. कारण प्रत्येक ठिकाणी मूळ लेखकाला नेमके काय अभिप्रेत होते हे शोधावे लागे. शून्याने संपणारी अक्षरमाला हवी होती की उरलेली जागाही शून्यांनी भरावयाची होती? की समाप्तीची खूणच नको होती? यांपैकी तिसऱ्या गरजेसाठी, म्हणजे १४ बाइटांच्या त्या जुन्या नावासारख्या क्षेत्रांसाठी, २०२२ मध्ये कर्नलमध्ये 'स्ट्रटूमेम पॅड' हे स्वतंत्र साधन आले.