लाइन आली, लाइन गेली

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांचा विषय निघाला की टेबल, पेन, तिकीट हे शब्द आठवतात. ते एकेका वस्तूबरोबर आले आणि त्या वस्तूपाशीच राहिले. ‘लाइन’ या शब्दाचं मात्र तसं झालं नाही. तो रुळांवरून आला, विजेच्या तारांवरून आला, रेशनच्या दुकानासमोर उभा राहिला. आमच्या एकलहऱ्यात तर एकाच दिवसात तो चार-पाच अर्थांनी कानावर पडतो.

या शब्दाचं मूळ शेतात आहे. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनम’ म्हणतात. जवसाच्या वाखाचा दोरा तो ‘लिनिया’, आणि त्यावरून इंग्रजीत ‘लाइन’ झाली. म्हणजे रेघ, रांग हे सगळे अर्थ नंतरचे, आधी दोरा. आपला गवंडी भिंत सरळ यावी म्हणून जी बांधतो तिला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. एक शब्द इंग्रजी, एक मराठी, आणि मुळात दोघांचा अर्थ एकच!

आपल्याकडे हा शब्द घरोघर पोचवला तो आगगाडीनं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. 1865 मध्ये थळ घाटातून रुळांची वाट खुली झाली आणि 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं. ज्या गावांच्या शिवारातून रूळ गेले, तिथं लाइन ही जमिनीची नवी खूण झाली. ‘लाइनीपलीकडचा मळा’, ‘लाइनीकडं जाऊ नको’ असं लोक बोलू लागले. एका स्टेशनचा मास्तर पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी सोडत नसे. ते दोन शब्दही स्टेशनाबाहेर पडले आणि अडलेलं काम सुटलं की कुणीही ते म्हणू लागला.

दुसरी लाइन छावणीतून आली. शिपायांच्या झोपड्या ओळीनं बांधत, म्हणून त्या वस्तीला ‘लाइन्स’ म्हणत. गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले गावापासून दूर असत, त्या ‘सिव्हिल लाइन्स’. नागपुरात ते नाव अजून आहे. कोल्हापुरात लाइन बझार आहे. गावोगावच्या पोलीस लाइनी तर सगळ्यांच्या ओळखीच्या. तिथं वाढलेला मुलगा स्वतःला ‘लाइनबॉय’ म्हणवतो. या लाइनीत माणसाचा हुद्दा ठरलेला असे. कोण कुठल्या लाइनीत राहणार, हे सरकार ठरवी.

रांगेचा अर्थ आणखी वेगळा. मराठीत रांग होती, ओळ होती, पंढरपूरची दर्शनबारी होती. नमाजासाठी खांद्याला खांदा लावून उभं राहतात ती ‘सफ’ही होती. आणि पंगत होती. पंगत हा शब्द आला ‘पंक्ती’वरून, पण पंगतीत बसताना माणसाची जात विचारली जाई, म्हणून तर ‘पंक्तिभेद’ हा शब्द आपल्याला करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि दुकानासमोरच्या लाइनीचा निराळाच नियम लोकांनी पाहिला. जो आधी आला, तो पुढे. नियम मोडणारे तेव्हाही होते, पण ‘लाइनीत या’ म्हणायचा हक्क शेवटच्या माणसालाही मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा बदलायला देश लाइनीत उभा राहिला, तेव्हा ज्या नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, तिथलेही लोक बँकेपुढं लाइनीतच होते.

आता आमची लाइन. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र गोदावरीच्या काठी उभं राहिलं. पहिले दोन संच 1970-71 च्या सुमारास सुरू झाले; ते आता निवृत्त झाले. पुढं 210 मेगावॉटचे तीन संच आले. विदर्भातल्या खाणींचा कोळसा येतो तो रेल्वेच्या लाइनीनं, आणि वीज जाते ती मनोऱ्यांवरच्या लाइनीनं. शहरातला माणूस ‘लाइट गेली’ म्हणतो. शेतकरी म्हणतो ‘लाइन गेली’. त्याला दिव्याची नव्हे, मोटारीची काळजी असते. वर्षानुवर्षं ही लाइन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत आली. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात ‘रात्रीची लाइन’ म्हटलं की थंडी, साप आणि बिबट्या हे सगळं त्यात येतं.

या शब्दाचा सर्वांत जड अर्थ खांबावर चढणाऱ्याला ठाऊक असतो. कंपनीच्या कागदावर तो ‘तंत्रज्ञ’ आहे, लोकांसाठी मात्र लाइनमनच. तो ‘लाइन बंद आहे ना?’ असं विचारतो, तेव्हा त्या ‘बंद’ शब्दावर त्याचा जीव टांगलेला असतो. उपकेंद्रातून पुरवठा तोडला, तरी एखाद्या घरचा जनरेटर चुकीच्या जोडणीमुळं उलट्या दिशेनं तारेत वीज सोडू शकतो. म्हणून परमिट घ्यायचं, तार तपासायची, ती जमिनीशी जोडायची आणि मगच हात लावायचा. 4 मार्च हा दिवस अलीकडं ‘लाइनमन दिवस’ म्हणून पाळतात. आपल्याला मात्र त्याची आठवण लाइन गेल्यावरच होते.

लाइन जोडते, तशी तोडतेही. 1947 साली रॅडक्लिफ यांनी जेमतेम पाच आठवड्यांत नकाशावर लाइन आखली. ती जाहीर झाली 17 ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. आपलं घर कुठल्या देशात आहे, हे तोवर कित्येकांना ठाऊकच नव्हतं. वृत्तपत्रांच्या तोंडी असलेल्या ‘डेडलाइन’चा इतिहासही असाच. 1864 साली अमेरिकेतल्या यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या तुरुंगात एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत.

मग असा शब्द मराठीत हवाच कशाला, असं कुणी विचारील. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला, पुढं सावरकरांनी भाषाशुद्धी मांडली. त्यांतून ‘दिनांक’, ‘महापौर’ असे चांगले शब्द मिळाले. पण कोशात पर्याय दिलेले पुष्कळ फारसी शब्द आपण आजही बोलतो. माझं मत असं, की शब्द कुठून आला यापेक्षा तो इथं कसा नांदतो हे पाहावं. मराठीनं लाइनीला स्त्रीलिंग दिलं, तिचं अनेकवचन ‘लाइनी’ केलं, ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ असे प्रत्यय लावले. कुणी ‘फिल्म लाइनला’ आहे, वाया गेलेला मुलगा ‘लाइनीवर आला’, कॉलेजातला पोरगा ‘लाइन मारतो’. यातलं पुष्कळसं आपलं आपणच घडवलं आहे. ज्या शब्दाला आपण आपलं व्याकरण दिलं आणि ज्याच्यासाठी आपली माणसं रात्री शेतात जागली, खांबांवर चढली, त्याला परका कसं म्हणायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)