आळशी वायू

वेल्डिंग करणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे आपण श्वासात घेतो ती हवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण वितळलेलं लोखंड भलतंच हावरट असतं. समोर येईल तो ऑक्सिजन आणि नायट्रोजन पोटात घेतं आणि थंड होताना पावासारखं भोकं भोकं होऊन बसतं. वरून सांधा झालेला दिसतो, आत ताकद नसते. त्यामुळे वेल्डिंगचा सगळा इतिहास म्हणजे हवेला त्या नखाएवढ्या वितळलेल्या डबक्यापासून लांब ठेवण्याचा इतिहास, असं मला वाटतं. गल्लीतला वेल्डर जो साधा रॉड वापरतो, त्याच्यावरचा राखाडी थर त्याचसाठी असतो. तो जळून वायूचं आवरण तयार होतं आणि वर स्लॅगची खपली धरते. मग ती हातोडीने टकटक करून काढायची. हे झालं जुनं तंत्र. दुसरा मार्ग म्हणजे सरळ सिलेंडरमधून एखादा वायू सोडायचा आणि हवेला हाकलून लावायचं.

मंडळी, खरी गंमत त्या वायूंच्या जन्मकथांमध्ये आहे.

१७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या अबोल, श्रीमंत आणि जरा चक्रम इंग्रजाने हवेतला नायट्रोजन ठिणग्या पाडून पाडून संपवायचा प्रयत्न केला. शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरला, मूळच्या फार तर १२० वा भाग. त्याने तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आणि विषय तिथेच थांबला, तब्बल शंभर वर्षं! पुढे लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत बसला असताना त्याला दिसलं, की हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा साधारण अर्धा टक्का जड भरतो. दुसऱ्या कुणी 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं असतं. रॅलेने सोडलं नाही. विल्यम रॅम्से त्याला येऊन मिळाला आणि १८९४ मध्ये दोघांनी जाहीर केलं, की हवेत एक नवा वायू आहे, जो कशाशीच संयोग पावत नाही. नाव ठेवलं आर्गॉन, ग्रीकमध्ये आळशी! आपल्या भोवतालच्या हवेत हा आळशी जवळजवळ एक टक्का आहे आणि कुणाला पत्ता नव्हता. १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळालं, रॅलेला भौतिकशास्त्राचं आणि रॅम्सेला रसायनशास्त्राचं. (हाच रॅम्से १९०० साली जमशेटजी टाटांच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आला होता. टाटांच्या मनातल्या विज्ञानसंस्थेसाठी बंगळूर ही जागा त्याने सुचवली.)

हेलियमची गोष्ट तर आपल्या कोकणापर्यंत येते. विजयदुर्गावर गेलेल्यांना 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि सांगतात, की इथे बसून लॉकियर साहेबाने हेलियम शोधला. आमच्या सहलीतही एका काकांनी हे छातीठोकपणे सांगितलं होतं. मला विजयदुर्ग अतिशय आवडतो, पण हे खरं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात ती अनोळखी पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. म्हणजे कट्टे खरे, साहेबही खरा, साल मात्र तीस वर्षांनी चुकलेलं. आणि तोवर, १८९५ मध्ये, रॅम्सेने एका खनिजातून हेलियम पृथ्वीवर पकडलासुद्धा होता. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन आपल्या किल्ल्यावर उतरला, ही खरी गोष्ट काय कमी आहे?

सूर्यावरचा हा वायू वेल्डिंगच्या कामी आला तो अमेरिकेमुळे. १९०३ साली कॅन्ससमधल्या डेक्स्टर गावी जमिनीतून गॅसचा मोठा झोत लागला. गावाने जल्लोष करायचं ठरवलं, पेटवायला गेले, तर गॅस पेटेचना. उलट जळतं गवत विझलं. लोकांचा विरस झाला, पण १९०५ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या कॅडी आणि मॅकफार्लंड यांना त्या गॅसमध्ये जवळजवळ दोन टक्के हेलियम सापडला. मग दुसरं महायुद्ध आलं. कॅलिफोर्नियात जॅक नॉर्थ्रॉपला मॅग्नेशियमचं विमान बनवायचं होतं. मॅग्नेशियम म्हणजे दिवाळीतल्या फुलबाजीचा पांढरा लखलखाट. ते जोडायचं कसं? त्याच्या कारखान्यातल्या रसेल मेरेडिथने टंगस्टनची टोकदार कांडी घेतली, भोवती हेलियमचा झोत ठेवला आणि ठिणगी पाडली. १९४२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. नाव 'हेलिआर्क'. (हेलियम आणि आर्गॉनच्या आवरणात वेल्डिंग करण्याचं पेटंट हॉबार्ट आणि डेव्हर्स यांना १९३० मध्येच मिळालं होतं, पण तेव्हा या वायूंच्या किमती ऐकूनच लोक पळत असावेत.) पुढे ऑक्सिजनच्या कारखान्यांत हवेतून आर्गॉनही निघू लागला आणि हेलियमची जागा बरीचशी त्यानेच घेतली. आज आपल्याकडच्या पाट्यांवर 'आर्गन वेल्डिंग' लिहिलेलं असतं, ते मेरेडिथचंच तंत्र.

मिग, म्हणजे बंदुकीतून तार आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग, १९४८ च्या सुमारास अमेरिकेत बॅटेल संस्थेत आकाराला आलं. ते मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमसाठी होतं. लोखंडासाठी एवढा महाग वायू परवडेना. तो प्रश्न १९५३ मध्ये सोव्हिएत रशियात ल्युबाव्स्की आणि नोवोझिलोव यांनी सोडवला, तोही साध्या कार्बन डायऑक्साइडने, सोडावॉटरच्या वायूने! हा काही आळशी नाही. आर्कच्या उष्णतेत फुटून तो ऑक्सिजन सोडतो. म्हणून तारेतच सिलिकॉन आणि मँगनीज घालतात, ते हा ऑक्सिजन आपल्या अंगावर घेतात. मला हा सगळ्यात हुशार टप्पा वाटतो. शत्रूला पूर्ण बाहेर ठेवण्याऐवजी थोडा आत घेऊन त्याची सोय लावायची. भोसरीच्या शेडमध्ये आजही या वेल्डिंगला 'सीओटू' याच नावाने ओळखतात.

हे एवढं पुराण आठवायला कारण आमचा मावसभाऊ. त्याने घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत छोटं मिग मशिन आणलं आणि विचारलं, "दादा, गॅस कुठला घेऊ?" गेट, खुर्च्या, कुंड्यांचे स्टँड करायचे असतील तर सीओटू घे. स्वस्त आहे, खोल मुरतो, पण शिंतोडे उडवतो. पातळ पत्र्याचं काम जास्त असेल तर ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटूचं मिश्रण घे, आर्क शांत चालतो. अ‍ॅल्युमिनियमला मात्र शुद्ध आर्गॉनच हवा, तिथे कंजुषी चालत नाही. आणि सीओटूच्या काट्यावर विसंबू नकोस. आत द्रव असतो, तो संपेपर्यंत काटा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. सिलेंडर वजन करून बघावा.

पण खरी काळजी वेगळीच निघाली. पंख्याने आणि वाऱ्याने गॅस उडतो, सांध्याला भोकं पडतात, म्हणून तो शटर पूर्ण ओढून काम करणार होता. इथे मी आवाज चढवला. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे ३८ टक्के जड. त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत गळती झाली तर तो खालून साठत जातो आणि ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. आपल्याला गुदमरल्यासारखं वाटतं ते अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. निव्वळ ऑक्सिजन कमी झाला तर शरीर ओरडतच नाही, माणूस काही न कळता खाली बसतो. सीओटू निदान धाप लावून इशारा देतो, पण तोही विषारीच, आणि आर्कमध्ये त्याच्यापासून थोडा कार्बन मोनॉक्साइड होतो तो वेगळाच. म्हणजे सांध्याला वारा नको आणि फुप्फुसांना हवा.

मावशीला यातलं मी काही सांगितलेलं नव्हतं. (आता वाचेल. मावशी, घाबरू नकोस!) आमचं ठरलं ते असं. शटर उघडंच ठेवायचं, टेबलाच्या तीन बाजूंना फक्त गुडघाभर उंचीचा पत्र्याचा आडोसा, समोरच्या भिंतीत वर एक एक्झॉस्ट, आणि सिलेंडर खोलीबाहेर भिंतीला साखळीने बांधून नळी आत. काम थांबलं की आधी सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग मशिन. गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर पुरतो. जास्त सोडला तर झोतात भोवरे होऊन उलट बाहेरची हवाच आत ओढली जाते.