२५ नोव्हेंबर १९४९ : रेणूत सापडलेला आजार

सिकलसेल ॲनिमियावरील लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, एस. जे. सिंगर आणि आयबर्ट वेल्स यांचा शोधनिबंध या दिवशी अमेरिकेतील ‘सायन्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. विद्युत्क्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे सरकते, असे त्यांनी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील प्रयोगांत दाखवले. वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार आढळले. शीर्षकातच या व्याधीला ‘रेणवीय आजार’ म्हटले होते. त्या काळी हे धाडसच.

आजाराचे मूळ एका प्रथिनाच्या रचनेत असू शकते, हे प्रथमच दिसले. नेमका बदल १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी दाखवला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, एवढाच. पण तेवढ्याने ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे ताठ धागे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा उठतात.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार घरोघरी ठाऊक आहे. तिथे विद्राव्यता चाचणीत संशय आला की खात्रीसाठी आजही बहुधा इलेक्ट्रोफोरेसिसच, म्हणजे पॉलिंग यांच्या प्रयोगाचेच तत्त्व, वापरले जाते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नापूर्वीच्या तपासणीला महत्त्व.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्पर तंत्राच्या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत असल्याने इथल्या रुग्णांची भिस्त हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवरच आहे.