नकलेत राहून गेलेला शब्द



दशलक्षण पर्वात आमच्या मंदिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सुनेने व्रताबद्दल शंका विचारली. पाच मिनिटांत दुसरीने एआयला विचारून उत्तर टाकलेसुद्धा! उत्तर नीटनेटके होते, मराठीही बरे होते. लगेच दोन तट पडले. ज्येष्ठांचे म्हणणे, धर्माचे प्रश्न यंत्राला विचारणे हा जिनवाणीचा अविनय. तरुणांचे म्हणणे, रत्नागिरीत वर्षभर पंडितजी कुठे असतात? मग विचारायचे कुणाला? मला दोघांचेही पटले, म्हणून मी गप्प बसले. (मला हे सहसा जमत नाही, घरचे सांगतील.) पण वाद ओळखीचा वाटला. आपल्या समाजात तो एकदा होऊन गेला आहे. तेव्हाचे यंत्र होते छापखाना.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जैन ग्रंथ छापायला केवढा विरोध होता, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. छापखान्यात सरेस वापरतात, शास्त्र कुणाच्याही हाती पडेल, कागद रद्दीत जाईल, ही कारणे. रद्दीची भीती खोटी नव्हती, हे आपण कबूल करू. त्याच काळात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ मासिक सुरू केले. त्यांचे आणखी एक काम मला त्याहून मोठे वाटते, आणि ते सुरू झाले एका यात्रेतून.

मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी १८८३ साली कर्नाटकात मूडबिद्रीला यात्रेला गेले. तिथे षट्खंडागम आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका ताडपत्रांवर होती. टीकाच ७२ हजार श्लोकांएवढी. लिपी जुनी कन्नड. यात्रेकरूंनी दर्शन घ्यायचे, हात जोडायचे आणि परतायचे. वाचायचे कुणीच नाही. माणिकचंदांना दिसले की ताडपत्रे जीर्ण होत चालली आहेत. त्यांनी हे सोलापूरला हिराचंदांच्या कानावर घातले, मग हिराचंदही जाऊन पाहून आले. पुढे बऱ्याच मिनतवारीनंतर १८९६ मध्ये नकला करायला सुरुवात झाली. काम करणाऱ्यांत आपल्या मिरजेचे गजपती शास्त्री होते. सगळे पुरे व्हायला १९२२ साल उजाडले. सव्वीस वर्षे!

नकला मूडबिद्रीबाहेर जायच्या नव्हत्या. पण गजपती शास्त्रींनी घरी गुपचूप आणखी एक प्रत केली, पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने. (दिवसभराचे घरकाम उरकून त्या कधी लिहीत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.) ही प्रत त्यांनी हिराचंद आणि माणिकचंद यांना देऊ केली, तर दोघांनी ती घेतली नाही. रीत सोडून आलेली वस्तू नको म्हणाले. सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेऊन आपल्या मंदिरात ठेवली. तिथे तिची नागरी प्रत करायला पंडित सीताराम शास्त्रींना बसवले, आणि त्यांनीही स्वतःसाठी गुपचूप एक प्रत करून घेतली! तिच्यावरून मग आरा, कारंजा, सागर अशा ठिकाणी नकला गेल्या. आपण म्हणतो, व्हॉट्सॲपमुळे काही गुपित राहत नाही.

या पसरलेल्या नकला समोर ठेवून अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये छापला. तेव्हाही, गृहस्थाला सिद्धांतग्रंथ वाचायचा अधिकारच नाही, असे म्हणणारे पंडित होते. तरी काम थांबले नाही, सोळा भाग निघाले.

आता मुद्द्याचे. पहिल्याच भागात, सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात संपादकांना काहीतरी खटकले. सूत्र मनुष्यिणींविषयी, म्हणजे स्त्रियांविषयी आहे. त्या कोणत्या गुणस्थानी असतात ते सांगणारे. मागचापुढचा संदर्भ पाहता तिथे ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द हवा होता. नकलांत तो नव्हता. शब्द राहून गेला असावा, अशी तळटीप त्यांनी दिली आणि वादळ उठले. कारण तो शब्द मानला, तर स्त्रीला मोक्ष आहे का, हा प्रश्न उभा राहतो. सूत्र भाववेदाबद्दल आहे, त्याने दिगंबर सिद्धांताला बाधा येत नाही, असे एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, शब्दच नको. शेवटी मूडबिद्रीची ताडपत्रे उघडून पाहिली. शब्द होता!

नकलेची नक्कल होताना तीन अक्षरे गळली, तीही बायकांच्या वाट्याची. माझा बी.कॉम.चा जुना धडा आठवला. एखादी नोंद चुकीच्या रकमेने एकाच बाजूला झाली तर तेरीज जुळत नाही आणि चूक पकडता येते. पण नोंद मुळातच राहून गेली तर दोन्ही बाजू छान जुळतात. ९३ वे सूत्रही तो शब्द नसताना सुरळीत वाचता येत होते. हिरालालजींनी मागचीपुढची सूत्रे ताडून पाहिली म्हणून कळले, आणि मूळ ताडपत्रे जपलेली होती म्हणून वाद मिटवता आला. ज्यांना आपण आडमुठे म्हणतो, त्या मूडबिद्रीकरांनीच ती शेकडो वर्षे सांभाळली होती. नंतर आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ते फलटणला आहेत.

हे सगळे मनात घोळत असताना मी ग्रुपवरच्या त्या मुलीला वेगळा मेसेज केला: रागावले नाहीये, पण हे कुठल्या ग्रंथात आहे ते एआयला विचार. तिने विचारले. उत्तर आले, रत्नकरंड श्रावकाचार, श्लोक १७२. मी कपाटातून आईची जुनी प्रत काढली. रत्नकरंडात श्लोकच दीडशे आहेत!

तिला तसे कळवले. मला वाटले खट्टू होईल, पण तिचा प्रश्न आला, “काकू, मग खरं कुठल्या श्लोकात आहे?” ते मलाही पाठ नव्हते. रविवारी ती पुस्तक बघायला येते आहे. अक्षर बारीक आहे, तेवढा चष्मा शोधून ठेवायला हवा.